मार्केट एका स्टेशनावर, ताटात मात्र बटाटा

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६. वाशीतल्या एका दवाखान्यात त्या रिसेप्शनवर असतात, पगार १४ हजार. नवरा महापे एमआयडीसीत, पाळीपाळीची ड्युटी, हातात २६ हजार येतात. मुलगी १३ वर्षांची, मुलगा दुसरीत, सोबत सासूबाई. घर सासऱ्यांचं, त्यामुळे भाडं नाही. पण वर एक खोली चढवली तिचा साडेनऊ हजारांचा हप्ता चालू आहे. शाळेतल्या तपासणीत मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला आहे.

त्या लिहितात: ‘आमच्याकडे बटाटा, कोबी, फ्लॉवर आणि परत बटाटा. सासरे तुर्भ्याच्या घाऊक भाजी मार्केटात माथाडी होते. ते होते तोवर रोज पिशवीभर भाजी यायची. ती पिशवी अजून दारामागे अडकवलेली आहे. आता पाव किलो गवार घ्यायची तर चाळीस रुपये, आणि केली तर मुलगा तोंडात घालून बाहेर काढतो. सोमवार, गुरुवार, शनिवार सासूबाईंना घरात अंडं चालत नाही. घोडबंदर रोडला राहणारी जाऊ म्हणते, नोकरी सोड आणि पोरांच्या खाण्याकडे बघ. नवरा म्हणतो, एवढे पैसे येतात ते जातात कुठे? नोकरी सोडू, की यांच्याकडे घरखर्चाला अजून पैसे मागू? आणि रोज साडेचारशे रुपयांत बसेल असा आठवड्याचा तक्ता द्या.’

सोबत महिन्याच्या खाण्याचा हिशेब आहे. किराणा ५,२००, दूध २,७००, भाजी २,२००, अंडी-चिकन-मासळी १,३००, फळं ३००, इतर (पाकिटातला खाऊ, रविवारचं चायनीज) १,८००. एकूण १३,५००. खाली ताजा कलम: ‘मुलीसाठी शक्तीच्या पावडरीचा चारशेचा डबा आणला होता, तो संपत आला. दुसरा आणू का?’

*

ताई,

आधी मुलीचं बोलू, कारण ते भाजीच्या पिशवीवर अवलंबून ठेवण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीप्रमाणे १२ ते १४ वर्षांच्या मुलांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि ८ ते १०.९ म्हणजे मध्यम ॲनिमिया. ९.८ ला घाबरून जायचं कारण नाही, पण पालक आणि बीट खाऊ घालून ‘बघू महिनाभर’ असंही करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ते देतील त्या लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या घ्या. मध्येच बरं वाटतंय म्हणून थांबवू नका. पाळी सुरू झाली असेल आणि अंगावरून जास्त जात असेल तर ते लाजेपोटी राहून जाऊ देऊ नका. जंताची गोळी कधी दिली होती तेही सांगा. दरवर्षी साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाड्यांतून ती देतात, पण त्या दिवशी पोर घरी असलं की ते राहून जातं. आणि बिटाचा रंग लाल म्हणून त्याने रक्त वाढतं, ही आपली फार जुनी समजूत. बिटात लोह बेताचंच असतं.

तपासणीला जाल तेव्हा स्वतःचंही रक्त तपासून घ्या. तुमच्या चार पानी पत्रात ‘माझं काय, उरलंसुरलं खाते’ हे वाक्य दोनदा आलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त. यातल्या बऱ्याचजणी उरलंसुरलं खाणाऱ्या असणार, असा माझा अंदाज.

आता मूळ मुद्दा. तुम्ही धरून चालला आहात की महागाईमुळे बटाटा खावा लागतो. मला तुमचा हिशेब वाचून तसं वाटलं नाही. निदान तेवढंच कारण नाही.

गेल्या बुधवारी मी ठाण्याच्या गावदेवी मार्केटातून मेथीची एक जुडी आणली आणि तुमचं पत्र समोर होतं म्हणून घड्याळ लावून निवडली. पानं खुडली, पिवळी बाजूला काढली, तीन पाण्यांतून माती काढली, निथळत ठेवली, चिरली. सव्वीस मिनिटं. शिजून ती झाली एवढीशी, तिघांना पुरली. बटाट्याला किती लागतात? साल काढून फोडी करायला पाच मिनिटं, तेही बोलता बोलता. तुम्ही सकाळी साडेपाचला उठता, आठच्या आत तीन डबे भरता आणि संध्याकाळी सातला घरात पाय टाकता. या घड्याळात सव्वीस मिनिटं बसतच नाहीत. जुडी वीस रुपयांची असो की दहाची, ती तुम्हाला ‘महाग’च पडते. बटाटा, कोबी, फ्लॉवर हे तिन्ही लवकर चिरून होतात, फ्रिजबाहेरही दोन-तीन दिवस तग धरतात आणि कोणी नाक मुरडत नाही. तुम्ही आळशीपणाने ते घेत नाही. पैसा, वेळ आणि कटकट अशा तिन्ही गोष्टी मनात तोलून घेता, आणि तुमचा तो हिशेब बरोबरच आहे.

कटकट म्हणजे ती गवार. चाळीस रुपयांची गवार मुलाने थुंकली की ती चाळीसची राहत नाही. वरून त्याला पोळी-साखर किंवा पाच रुपयांचं पाकीट द्यावं लागतं. पैसे मोजून खर्च करणारी आई नवीन भाजीचा जुगार खेळत नाही, हे मी पन्नास घरांत पाहिलंय. ज्यांच्याकडे फेकायला आहे त्यांचीच पोरं बारा प्रकारच्या भाज्या खायला शिकतात, असंही म्हणता येईल. पण मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: न आवडणारा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आला की मग पोर तो खायला लागतं. आपण दोन वेळा करून ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. म्हणून नवीन भाजी त्याची वेगळी भाजी म्हणून करूच नका. सगळ्यांसाठी जे आहे ते करा आणि त्याच्या ताटात कोपऱ्यात एक चमचा, चमचाभरच, नवीन भाजीचा वाढा. खाल्ला तर ठीक, नाही तर तो चमचा तुम्ही खा. त्यावर भाषण नाही, बक्षीस नाही. नासला तर एक चमचा नासेल. आणि सुरुवातीला पाव किलोही घेऊ नका. कोपरखैरण्याच्या रस्त्यावर संध्याकाळी दहा-वीस रुपयांचे वाटे लावून बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्या.

आता ताटाकडे बघू. बायकांच्या आहारात विविधता किती आहे ते मोजायची एक सोपी रीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वापरात आणली आहे. खाण्याचे दहा गट करायचे: धान्य आणि कंदमुळं, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ वगैरे, दूध-दही, मांस-मासळी, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या-फळं (गाजर, लाल भोपळा, पपई, पिकलेला आंबा), बाकीच्या भाज्या, बाकीची फळं. दिवसभरात दहापैकी किमान पाच गटांतलं पोटात गेलं तर ठीक. खरं तर हे माप मोठ्या वस्त्यांच्या पाहणीसाठी आहे, एकेका बाईला नापास करायला नाही. पण स्वतःचं ताट तपासायला मला ते फार कामाचं वाटतं.

तुम्ही लिहिलेला मंगळवार घेऊ. सकाळी चहा-बिस्किट. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी चहा, टोस्ट. रात्री डाळ-भात, कोबी. गंमत बघा. पोळी, बटाटा, टोस्ट, भात हे सगळे पहिल्याच गटात. बटाटा आपण भाजी म्हणून वाढतो, पण मोजताना तो धान्याच्या पंगतीत बसतो; पोळी-बटाटा म्हणजे पोळीशी पोळीच खाल्ल्यासारखं. मग डाळ हा दुसरा, कोबी हा तिसरा. चहातल्या घोटभर दुधाला गट म्हणत नाहीत. म्हणजे तुमचे तीन. मुलीला कपभर दूध मिळतं म्हणून तिचे चार. यजमानांना कंपनीच्या कँटीनमध्ये डाळ, दोन भाज्या, ताक, कधी अंडं असं मिळतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांचे सहज सहा. एकाच घरात तीन, चार आणि सहा! ‘पैसे जातात कुठे’ हा प्रश्न त्यांना का पडतो ते मला इथे कळलं. त्यांनी घरचं पूर्ण दिवसाचं ताट पाहिलेलंच नाही.

तुमच्या तीनाचे पाच करायला काय लागतं? मूठभर शेंगदाणे किंवा भाजीत सढळ हाताने कूट: एक गट. एक वाटी दही: दुसरा. झाले पाच. दीड लिटर दूध येतं, त्यातलं बरंचसं पाच माणसांच्या तीन वेळच्या चहात जातं. रात्री अर्ध्या लिटरला विरजण लावा आणि चहा एक वेळ कमी करा. यात एक रुपया वाढत नाही. जेवणानंतर लगेच चहा तसाही बरा नाही, त्याने जेवणातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. मुलीच्या बाबतीत तर तास-दीड तासाचं अंतर पाळाच, आणि तिच्या डाळीवर लिंबू पिळा. लिंबाने उलट मदत होते.

तरीही पैशाचं खरं ते खरंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात भाज्या सुमारे ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम धरली आहेत. तुमच्या पाच जणांना, पोरांचं आणि सासूबाईंचं कमी धरलं तरी, दिवसाला दोन किलो भाजी-फळं लागतील. सरासरी साठ रुपये किलो धरा. महिन्याचे छत्तीसशे होतात. तुमचे भाजी-फळांचे मिळून जातात अडीच हजार. म्हणजे हजार-अकराशे रुपये खरोखरच कमी पडतात, आणि ते तुमच्या सुगरणपणाने भरून निघणार नाहीत. कोणी म्हणालं की ‘स्वस्तात पौष्टिक सगळं मिळतं, फक्त इच्छा हवी’, तर त्यांना हा हिशेब दाखवा.

यातले काही रुपये मला ‘इतर’ मध्ये दिसतात. १,८०० रुपये, आणि फळं ३००. रागावू नका, ही एकट्या तुमच्या घराची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी घराच्या खर्चातला साधारण ४० टक्के भाग खाण्यावर जातो, आणि त्या खाण्यातला सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे पेयं, बाहेरचा नाश्ता आणि पाकिटातले पदार्थ. एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के. दूध, भाजी, डाळ सगळे त्याच्या मागे. पाच रुपयांचं पाकीट नासत नाही, कोणी थुंकत नाही, पोराच्या हातात दिलं की दहा मिनिटं शांतता मिळते. थकलेल्या आईला आणखी काय हवं असतं! पण रोजची तीन-चार पाकिटं महिन्याला पाचशे-सहाशेवर जातात. तेवढीच कमी करा. रविवारचं चायनीज मात्र चालू ठेवा. आठवड्यातली तीच एक संध्याकाळ तुम्ही ओट्यापाशी उभ्या नसता, आणि तिच्यावर हात टाकायचा सल्ला मी देणार नाही. या सहाशेत महिन्याला चाळीसेक अंडी आणि आठवड्याला डझनभर केळी बसतात. पेरू, आवळा, बोरं निघाली की केळ्यांच्या जागी ती घ्या.

दुसरी एक गोष्ट बोलायचा मला अधिकार नाही, तरी बोलते. दुसरीतल्या मुलाच्या क्लासला महिना ८०० रुपये कशाला? तुमच्या पत्रात ते शाळेच्या फीच्या ओळीत दडलंय. वर्षभर थांबला तर त्याचं काही बिघडणार नाही. मोठ्या बहिणीला त्याच्याकडून पाढे म्हणून घेऊ दे.

आता नोकरीचं. जाऊबाईंचं बोलणं मनाला लागलंय, ते पत्रावरून कळतं. त्यांच्या सल्ल्याचा हिशेब मांडू. तुमचा पगार १४ हजार, घराचा खाण्याचा सगळा खर्च साडेतेरा हजार. तुम्ही नोकरी सोडली तर जवळपास अख्ख्या स्वयंपाकघराचा पैसा जातो. हातात वेळ येईल, मेथी निवडून होईल, पण हप्ता आणि फी देऊन यजमानांच्या २६ हजारांतून भाजीला २,२०० तरी उरतील का? पहिली काट कुठे बसते ते आपल्याला माहीत आहे: फळं, अंडी, मासळी. डाळ पातळ होते. हप्ता कोणी पातळ करत नाही. शिवाय आज भाजीवाल्यापुढे उभं राहून ‘दे अर्धा किलो’ म्हणताना तुम्हाला कोणाला विचारावं लागत नाही. ते हातातून गेलं की परत यायला वेळ लागतो. घोडबंदरच्या उंच इमारतीत कदाचित पोळ्या करायला बाई येत असतील. नसतील तर माफ करा. पण सल्ला देणाऱ्या जावेचं आणि तुमचं घर एकाच गणितावर चालत नाही. जेमतेम पगार, लांबचा प्रवास आणि तान्हं मूल असलेल्या एखादीला मी ‘सोड काही दिवस’ म्हटलंही असतं. तुम्हाला नाही म्हणणार.

मग पैसे मागायचे का? मागा, पण ‘घरखर्चाला पुरत नाही’ असं म्हणून मागू नका. त्यावर ‘जातात कुठे’ हेच उत्तर येतं आणि मग दोन दिवस अबोला. एका कागदावर दोन ताटं लिहा, त्यांचं कँटीनचं आणि मुलीचं डब्याचं. शेजारी तिचा ९.८ चा रिपोर्ट ठेवा. आणि पैशाबरोबर, किंबहुना पैशाआधी, काम मागा. त्यांची पहिली पाळी असते तेव्हा ते चारपर्यंत घरी येतात. तो आठवडा भाजी त्यांनी आणायची. नुसतं पैसे टाकून यायचं नाही. काय स्वस्त आहे, काय ताजं आहे हे बघून, ठरवून आणायची. पहिल्या दोन वेळा ते जून भेंडी आणि किडकी वांगी आणतील. काही बोलू नका. माझ्या घरी हे शिक्षण चार महिने चाललं होतं, आणि त्यातली एक दुधी अजून आमच्याकडे विनोदाचा विषय आहे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट ती दारामागची पिशवी. तुम्ही मुंबईला भाजी पुरवणाऱ्या बाजारापासून एका स्टेशनावर राहता आणि ताटात बटाटा. सासरे होते तेव्हा भाजी स्वस्त होती म्हणून विविधता होती, असं तुम्ही समजता. मला वाटतं, तेव्हा भाजी आणणं हे घरातल्या एका माणसाचं काम होतं. तो रोज मार्केटात असायचा, कुठला माल उतरलाय, कशाचा भाव पडलाय हे त्याला कळायचं आणि तो त्याप्रमाणे आणायचा. तो गेला, आणि ते काम कोणाला न विचारता तुमच्या संध्याकाळी सातच्या फेरीत येऊन पडलं. सात वाजता स्टेशनबाहेर जे उरलेलं असतं ते तुम्ही घेता.

तुर्भ्याचा कारभार घाऊक. एका घराला झेपेल एवढं घ्यायला तिथे कोणी एकटं गेलं तर प्रवासातच फायदा जातो. पण तुमच्या आळीत अजूनही कोणी ना कोणी मार्केटात कामाला जात असेलच. चार-पाच घरांनी मिळून भाजीची भिशी का घालू नये? आठवड्यातून एकदा, ठरलेले पैसे गोळा करून, त्यांच्यातल्याच एकाने माल आणायचा आणि दारात वाटून घ्यायचा. कांदे, लसूण, लाल भोपळा, गाजर, मटार, लिंबं, दोडका यांचं हे छान जमतं. पालेभाजीचं जमत नाही, वाटणी होईपर्यंत ती माना टाकते आणि भांडणं होतात. पालेभाजी रोजच्या बाईकडूनच घ्या.

निवडायची कोणी, हा प्रश्न राहिला. सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. हातांबद्दल काही लिहिलेलं नाही. संध्याकाळच्या मालिकेपुढे ताटात मेथी घेऊन बसणं हे त्यांच्या पिढीला काम वाटत नाही, आणि त्यांना हे कोणी विचारलंच नसण्याची शक्यता जास्त. सरळ विचारा. त्या साताऱ्याकडच्या. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, चाकवत, अंबाडी, डाळ घालून घोळूची भाजी, हे सगळं त्यांच्या हातात असणार. पावसाळ्यात भाज्या कडाडतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून ताजी मासळीही आवाक्याबाहेर जाते; नेमक्या त्याच दिवसांत कडधान्यं, सुकट, जवळा आणि सांडगे तारून नेतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला तेव्हा आमच्या घरी दीड महिना चिंच आणि आमसुलावर आमटी झाली, कोणाचं काही अडलं नाही. त्याच महिन्यांत ठाण्याच्या बाजारात येऊरकडच्या, शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. कंटोळी आता महाग झाली, पण टाकळा-कुर्डू अजून परवडतात. शेवळं मात्र माहितगाराला विचारून काकड नावाच्या आंबट रानफळांबरोबर किंवा भरपूर चिंच घालूनच करा, नाहीतर घसा खाजेल आणि मुलगा जन्मात पालेभाजीला हात लावणार नाही.

अंड्यावरून सासूबाईंशी वाद घालू नका. सोम, गुरु, शनि गेले तरी मंगळ, बुध, शुक्र, रवि हातात आहेत. त्यातले तीन दिवस पोरांना आणि तुम्हाला एकेक अंडं. बाकी दिवशी मोड आलेली मटकी, चवळी, अख्खा मसूर. अंडं उकडायचं भांडं वेगळं ठेवलं की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. श्रावणात कडधान्यं वाढवा, महिन्याभराचाच प्रश्न आहे.

तक्ता मी देत नाही. तक्ता फ्रिजवर चिकटतो, बुधवारी भेंडीचा भाव वाढतो आणि गुरुवारी तुम्हाला आणखी एकदा चुकल्यासारखं वाटतं. बाजारात उभं असताना एवढंच ठरवा: पिशवीत एक पाल्याची, एक केशरी, आणि बाकी त्या दिवशी जे सगळ्यात स्वस्त असेल ते. पाल्याची रोज नको, आठवड्यातून तीन वेळा जमली तरी पुष्कळ. केशरी म्हणजे बहुतेक वेळा लाल भोपळा. तो चिरायला सोपा, टिकतो, आणि किसून थालीपिठात किंवा घाऱ्यांत गेला की मुलाला कळतही नाही. हिवाळ्यात गाजर, मटार, हिरवा हरभरा स्वस्त होतो तेव्हा हात सैल सोडा. रात्री वाढताना स्वतःची वाटी आधी भरून झाकून ठेवा. सगळ्यांचं झाल्यावर बसायची सवय लगेच सुटणार नाही, तोवर निदान वाटीत काहीतरी असेल. हे मी माझ्या सुनेला सांगितलं तर ती हसली. तिची वाटी ती पहिल्यापासूनच आधी भरते.

राहिला ताजा कलम. दुसरा डबा आणू नका. डब्याच्या मागे बारीक अक्षरात जिनसांची यादी असते, तिच्यात साखर कितव्या नंबरावर आहे तेवढं मुलीला वाचायला सांगा. चारशे रुपयांत पन्नास अंडी येतात. डबा मात्र टाकू नका. झाकण घट्ट बसतं, धुऊन वाळवून त्यात शेंगदाण्याचा कूट भरून ठेवा.